बोटाला लागलं, पण नेमकं किती लागलं?

मागच्या वर्षी घरात एक फळी ठोकायची होती, साधीच, दोन ब्रॅकेट आणि चार स्क्रू, अर्ध्या तासाचं काम. त्या अर्ध्या तासात मी डाव्या हाताला दोन ठिकाणी लावून घेतलं. आधी ब्रॅकेट तळहातावर धरून स्क्रू पिळत होतो तेव्हा स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि अनामिकेच्या बुडाशी टोचला. खिळ्याच्या टोकाएवढा ठिपका, एक थेंब रक्त, पँटला पुसलं आणि विसरलो. मग दहा मिनिटांनी हातोडी सरळ अंगठ्यावर. डोळ्यापुढे काजवे चमकले, नख बघता बघता काळंनिळं झालं, घरातले सगळे गोळा झाले, बर्फ आला, गोळी आली, रात्रभर अंगठा ठसठसत होता आणि मी तो छातीशी धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो ते नख दाखवायला. त्यांनी नखाकडे दोन सेकंद पाहिलं, म्हणाले हे होईल आपोआप बरं, आणि मग विचारलं, हे बाजूचं बोट असं वाकडं का धरलंय? मला कळलंच नव्हतं की अनामिका मी अर्धवट वाकवून धरलीय. त्यांनी तिचं टोक अगदी हलक्या हाताने सरळ करायला घेतलं आणि मी खुर्चीतून ताडकन उठलो. त्याच संध्याकाळी अ‍ॅडमिट, दोन दिवस शिरेतून अँटिबायोटिक. वेळेत आलात म्हणून बोट उघडावं लागलं नाही, असं ते नंतर म्हणाले.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. घरकाम करताना हाताला लागतं ते बहुतेक वेळा किरकोळच असतं, पण ते किरकोळ आहे की नाही हे आपण रक्त बघून आणि दुखणं बघून ठरवतो, आणि हाताच्या बाबतीत ही दोन्ही मापं सारखी फसवतात.

असं का, हे समजायला आधी हात आतून कसा आहे ते बघू. एक गंमत करा, उजव्या हाताने डाव्या कोपराच्या जरा खालचा भाग घट्ट धरा आणि डाव्या हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. बोटं तिकडे हलतात आणि स्नायू इकडे हाताखाली वळवळतात. बोट वाकवणारा आणि सरळ करणारा एकही स्नायू बोटात नसतो, मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये आणि बारीक काम करणारे तळहातात. तिथून बोटापर्यंत जातात ते टेंडन, म्हणजे पांढरे चिवट दोर. सायकलचा ब्रेक आठवा, हँडलला दाबता आणि ओढली जाते चाकाजवळची पट्टी, मध्ये फक्त वायर. आणि ती वायर जशी एका नळीतून जाते तसे बोट वाकवणारे टेंडनही तळहाताच्या बाजूने एका बंद नळीतून जातात, आत निसरडं राहायला थोडंसं द्रव. बोटाच्या दोन्ही कडांना एकेक रक्तवाहिनी आणि एकेक नस, म्हणजे स्पर्श कळवणारा मज्जातंतू. आणि हे सगळं कशाखाली, तर काही मिलिमीटर कातडी आणि थोड्या चरबीखाली. मांडीला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो बराच वेळ मांसातच राहतो, बोटाला टोचला तर लगेच कशाला ना कशाला लागतो.

आता माझं काय झालं ते कळेल. टोक त्या नळीपर्यंत गेलं आणि सोबत टोकावरची घाण आत सोडून बाहेर आलं. वरचं भोक लगेच मिटलं. आत बंद नळी, रक्तपुरवठा कमी, जंतूंना रान मोकळं, आणि सूज यायला जागाच नाही म्हणून दाब वाढत जातो, दाब वाढला की टेंडनला मिळणारं थोडंथोडकं रक्तही अडतं. याच्या चार खुणा असतात, अ‍ॅलन कॅनॅव्हल नावाच्या अमेरिकन सर्जनच्या नावाने त्या ओळखल्या जातात आणि आजही डॉक्टर त्याच बघतात: बोट आपोआप जरासं वाकलेलं राहतं, एखादाच सांधा नाही, तर अख्खं बोट सारखं सुजतं, तळहाताच्या बाजूने त्या नळीच्या रेषेवर दाबलं की दुखतं, आणि दुसऱ्याने बोट सरळ करायला घेतलं की प्राण कंठाशी येतात. चारही एकदम दिसतीलच असं नाही, सुरुवातीला ते शेवटचंच असतं बऱ्याचदा. टोचल्यावर दोनतीन दिवसांत यातलं काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, हे प्रकरण तासांच्या हिशोबात बिघडतं.

बरं, नखाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त घाबरवणारी जखम तीच. नखाच्या खाली मऊ थर आणि त्याच्या लगेच खाली हाड. वरून हातोडी बसली की मधला मऊ थर चेपतो, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि ते रक्त जाणार कुठे? वर कडक नख, खाली हाड. तिथेच साकळतं आणि दाब देत राहतं. प्रत्येक ठोक्याबरोबर थोडा दाब वाढतो म्हणून नाडीच्या तालावर ठणका येतो, आणि हात खाली लोंबवला की जास्त, वर धरला की कमी. बोटाच्या टोकाला नसांची इतकी दाटी असते की मेंदूतल्या स्पर्शाच्या नकाशावर बोटांना अख्ख्या धडापेक्षा जास्त जागा मिळालीय. म्हणून एवढ्याशा रक्तासाठी एवढा तमाशा होतो.

दाब असह्य असेल तर डॉक्टर नखाला बारीक भोक पाडतात, रक्ताचा थेंब बाहेर येतो आणि माणूस अक्षरशः सुस्कारा सोडतो. नखाला स्वतःला संवेदना नसतात त्यामुळे भोक पाडताना फारसं दुखत नाही. हे पहिल्या एकदोन दिवसांतच उपयोगाचं, नंतर रक्त गोठतं. आणि हो, घरी टाचणी लाल करून हा प्रयोग करणारे शूर लोक असतात, व्हिडिओही असतात. मी तरी करणार नाही. कारण नखाखालचं हाड तडकलेलं असेल तर तुम्ही बंद फ्रॅक्चरला बाहेरच्या जंतूंसाठी दार उघडून देताय. टोकाचं पेर दाबून हाडावर दुखत असेल, बोट वाकडं दिसत असेल, नख मुळापासून उचकटलं असेल तर एक्स-रे काढलेला बरा. नुसतं काळं आणि ठसठसणारं असेल तर हात वर धरा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा दहा मिनिटं लावा, वेदनेची गोळी घ्या आणि वाट बघा.

टोकावर मार बसल्यावर आणखी एक गोष्ट तपासायची जी जवळजवळ कोणी तपासत नाही. बोट सरळ करून बघा. शेवटचं पेर सरळ होतंय का, की खाली लोंबतंय आणि स्वतःहून वर येत नाहीये? लोंबत असेल तर बोट सरळ करणारा टेंडन टोकापाशी तुटलाय किंवा हाडाचा कपचा घेऊन सुटलाय. फार दुखत नाही, म्हणून लोक महिनाभर तसंच फिरतात. उपाय अगदी साधा आहे पण चिकाटीचा, त्या पेराला सरळ ठेवणारी छोटी पट्टी सहा ते आठ आठवडे, दिवसरात्र. अंघोळीला, झोपताना, कधीच काढून पेर वाकू द्यायचं नाही. पाचव्या आठवड्यात एकदा वाकलं की मोजणी पुन्हा एकपासून, हे ऐकून एका मित्राचा चेहरा जो पडला होता तो अजून आठवतो.

आता कापणं. कटर, करवत, पटाशी, पत्र्याची कड. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचं डावं बोट कापतं, बहुतेक तर्जनी किंवा अंगठा, कारण डावा हात वस्तू धरतो आणि पातं त्याच दिशेला येत असतं. पातं बोथट असलं की आपण जोर लावतो, जोर लावला की ते अडकतं आणि मग एकदम सुटतं, आणि सुटल्यावर हात थांबवता येत नाही. कटरचं पातं तोडून नवीन टोक काढायला आपण इतका आळस का करतो मला कळत नाही, दोन सेकंदांचं काम आहे.

कापल्यावर पहिलं काम दाबणं. स्वच्छ कापड किंवा गॉज, थेट जखमेवर, घट्ट, हात छातीच्या वर, आणि दहा मिनिटं घड्याळ लावून. मध्ये उचलून बघायचं नाही. इथेच सगळे चुकतात, दर मिनिटाला कापड उचलून बघतात थांबलं का, आणि दरवेळी नुकती धरू लागलेली गुठळी कापडाबरोबर निघते. रक्त गोठणं म्हणजे आधी बारीक रक्तपेशींचे तुकडे भोकावर चिकटून बूच बनवतात आणि मग त्यावर धाग्यांचं जाळं विणलं जातं, त्याला शांतपणे वेळ हवा. बोटाला दोरा किंवा रबर बँड आवळून बांधू नका, रक्त थांबतं खरं, पण तो विसरला तर बोट जातं. अंगठी असेल तर लागल्या लागल्या काढा, सूज आल्यावर ती निघत नाही. दहा मिनिटं नीट दाबूनही वाहतंय तर आणखी दहा मिनिटं, तरीही वाहतंय किंवा चिळकांडी उडतेय तर दाब तसाच ठेवून दवाखाना.

रक्त थांबलं की धुणं. नळाच्या वाहत्या पाण्याखाली चांगली पाचेक मिनिटं. साध्या जखमा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुतल्या काय किंवा सलाइनने धुतल्या काय, जंतुसंसर्गात फरक पडत नाही हे तपासून झालेलं आहे. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो, झोंबतं, काहीतरी जालीम झाल्यासारखं वाटतं, पण ते जंतूंबरोबर आपल्या नव्या पेशीही मारतं. साबण जखमेच्या आजूबाजूला, आत नाही.

आणि मग ती तपासणी, जिच्यासाठी हा सगळा लेख लिहितोय. कापलेल्या बोटाचा मधला सांधा दुसऱ्या हाताने सरळ धरा आणि फक्त टोक वाकवा. वाकतंय? मग सगळं बोट सरळ करा, वर किंचित विरोध देऊन. ताकद तेवढीच आहे का, की वाकतंय पण दमादमाने? अर्धा कापलेला टेंडन बोट हलवू शकतो, आणि मग चारपाच दिवसांनी बादली उचलताना पूर्ण तुटतो, म्हणून नुसतं हलतंय म्हणजे ठीक असं नाही. त्यानंतर टिश्यू पेपरची कड बोटाच्या डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला, जखमेच्या पुढे टोकाकडे, हळूच फिरवा, डोळे मिटून, आणि दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी तुलना करा. एका बाजूला बधिर किंवा कापूस गुंडाळल्यासारखं लागत असेल तर त्या बाजूची नस कापलीय. टेंडन आणि नस दोन्ही शिवता येतात, पण थोड्या दिवसांत, महिन्याने गेलात तर कापलेली टोकं आखडून मागे सरकलेली असतात आणि तेच काम दुप्पट अवघड होतं. जखमेच्या कडा फाकत असतील, सांध्यावर असेल, आत पांढरं किंवा पिवळं काही दिसत असेल तर टाक्यांसाठी त्याच दिवशी जा.

टाक्यांऐवजी इन्स्टंट ग्लू लावणारेही भेटतात. तर्क असा की डॉक्टरही ग्लू वापरतात. वापरतात, पण त्यांचा वेगळा, त्याच कुटुंबातला पण लांब साखळीचा, कमी तापणारा. घरचा ग्लू घट्ट होताना जास्त गरम होतो आणि पेशींना त्रास देतो, शिवाय घाण आत सील. त्याहून वाईट म्हणजे ग्लू सांडल्यावर कापसाने किंवा सुती कापडाने पुसायला जाणं, कापसावर तो इतक्या झपाट्याने घट्ट होतो की धूर येतो आणि बोट भाजतं. बोटं चिकटलीच तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोलवटून सुटतात, नाहीतर नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन, पण जखमेवर नाही.

गंज लागलेला खिळा आणि धनुर्वात. गंजाने धनुर्वात होत नाही. तो होतो माती, धूळ आणि शेणात राहणाऱ्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे, ज्यांना हवा नको असते. गंजका खिळा बहुतेक वेळा बाहेर मातीत पडलेला असतो आणि तो खोल, अरुंद भोक पाडतो जिथे हवा पोचत नाही, म्हणून त्याचं नाव बदनाम. चकचकीत नवीन स्क्रू ड्रायव्हर मातीत पडून मग हातात घुसला तर धोका तेवढाच. जंतूच्या विषाने स्नायू आखडतात, शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं, नाव तिथूनच आलंय. लहानपणीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर स्वच्छ छोट्या जखमेला शेवटचं इंजेक्शन १० वर्षांच्या आत असलं तर पुन्हा लागत नाही, घाणेरड्या किंवा खोल जखमेला ती मुदत ५ वर्षं. प्रत्येक ओरखड्याला टीटी टोचून घ्यायची सवय असलेल्यांनी तारीख फोनमध्ये लिहून ठेवली तर निम्मे हेलपाटे वाचतील. कोर्स झालाच नसेल किंवा आठवतच नसेल तर डॉक्टरला तसं सांगा, तेव्हा वेगळं आणि जास्तीचं इंजेक्शन लागू शकतं.

लाकडाचं कुसळ घुसलं तर त्याच दिवशी काढा, लाकूड आत राहिलं की शरीर त्याच्याशी भांडत बसतं. चांगला उजेड, भिंग, चिमटा, आणि ज्या कोनात घुसलं त्याच कोनात बाहेर. पाण्यात भिजवत ठेवू नका, फुगून चुरा होतो. खोल गेलेलं लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाही, काच बहुतेक दिसते, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला तरी 'आत सलतंय' हे डॉक्टरला ठासून सांगा.

फिरणाऱ्या मशीनबद्दल थोडक्यात. ड्रिल चालवताना सैल हातमोजे घालायचे नाहीत, हे ऐकायला उलटं वाटतं, पण बिटला धागा अडकला की मोजा गुंडाळला जातो आणि मोज्यासोबत बोट. काच, पत्रा, विटा उचलताना मात्र जरूर घाला. ४ इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारते, हिशोब केला तर तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर वेगाने धावत असते. गार्ड काढून काम करणाऱ्याला मी हल्ली सरळ मशीन बंद करायला लावतो. नुकतं भोक पाडलेलं ड्रिल बिट बोटाने चाचपून बघायचा मोहही आवरा. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं, बर्फ नाही, पेस्ट नाही.

आता दोन अशा जखमा ज्या सुरुवातीला दुखतच नाहीत. पहिली ओल्या सिमेंटची. फरशी बसवताना, प्लास्टर करताना उघड्या हाताने मसाला सारखा केला तर तेव्हा काहीच होत नाही, थोडं कोरडं वाटतं. सिमेंटच्या पाण्याचा पीएच १२ ते १३ असतो आणि कातडीचा ५ च्या आसपास. प्रत्येक आकडा म्हणजे दहापट, म्हणजे ७ आकड्यांचा फरक हा १ कोटी पटींचा. ते काही तास कातडी सावकाश विरघळवत राहतं आणि रात्री कळतं की बोटांच्या बेचक्यात खड्डे पडलेत. मोज्याच्या आत ओला मसाला गेला असेल तर ते आणखी वाईट, तो दाबून धरला जातो. मध्येच हात धुवा, भरपूर पाण्याने, आणि मोजा बदला.

दुसरी त्याहून फसवी. रंगाचा एअरलेस स्प्रे किंवा ग्रीस गन. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब ३०-३५ पीएसआय असतो, अशा स्प्रेच्या नोझलपाशी तो २००० ते ३००० पर्यंत जातो. नोझल तुंबलं म्हणून बोटाने पुसायला जावं आणि ट्रिगर दाबला जावा, एवढंच. बोटावर टाचणीएवढं भोक, रक्त नाही, थोडं बधिर, माणूस हात धुऊन पुन्हा कामाला लागतो. आत मात्र रंग किंवा थिनर बोटाच्या त्या नळ्यांमधून, नसांच्या बाजूने तळहातापर्यंत पसरलेला असतो. काही तासांत बोट उघडून साफ केलं नाही तर ते गमवावं लागू शकतं. या लेखातल्या सगळ्या जखमांमध्ये दिसायला सगळ्यात क्षुल्लक हीच, आणि सरळ इमर्जन्सीत जाऊन 'प्रेशरने रंग आत गेलाय' या शब्दांत सांगायची हीच, नाहीतर तिथलाही एखादा नवखा पट्टी लावून परत पाठवेल.

साध्या जखमेला पट्टी लावावी की हवा लागू द्यावी, यावर प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवलं की ओलसर झाकलेली जखम उघड्यापेक्षा साधारण दुप्पट वेगाने भरते. कडेच्या नव्या पेशी सरकत सरकत मध्यापर्यंत येतात, ओल असेल तर सरळ सरकतात, कडक खपली असेल तर त्यांना तिच्याखालून बोगदा काढत यावं लागतं. म्हणून थोडं व्हॅसलिन, वर पट्टी, रोज बदलायची. पहिले दोन दिवस कडेला लाली आणि थोडी सूज असणारच, ती भरण्याचीच खूण. तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर शंका घ्या. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा, काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली तर उत्तर मिळालंच. मनगटाकडे लाल पट्टा चढत असेल, पू असेल, ताप असेल, किंवा डायबेटिस असेल तर रेघेचीही वाट बघू नका. आणि वरून भरलेली जखम आतून कच्ची असते, तीन आठवड्यांनी तिथल्या कातडीला मूळ ताकदीच्या चौथाईच्या आसपास ताकद आलेली असते, त्यामुळे टाके निघाले म्हणून दुसऱ्या दिवशी लोखंडी पाइप पिळायला जाऊ नका.

माझ्या नखाचं सांगायचं राहिलं. हाताचं नख महिन्याला ३ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, त्या हिशोबाने तो काळा डाग मुळापासून टोकाकडे सरकत राहिला, मधे एकदा नख सैलही झालं पण मी ते उपटलं नाही, चिकटपट्टीने धरून ठेवलं. पाचव्या महिन्यात शेवटचा काळा तुकडा नेलकटरने कापला. अनामिका मात्र अजूनही सकाळी उठल्यावर मुठीत पूर्ण बसायला पाचदहा मिनिटं घेते.